जे-१ व्हिसावर अमेरिकेत संशोधनाला जाताना: मुदतीचे नियम आणि तीन वेगवेगळी ‘दोन वर्षं’

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं निमंत्रण हातात पडलं की आपण आधी मानधन, राहायची सोय आणि इथली रजा यांच्या मागे लागतो. ते साहजिकच आहे. पण पुढच्या पाच-सात वर्षांवर सगळ्यात जास्त परिणाम करणारा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: माझा डीएस-२०१९ कोणत्या वर्गात निघणार आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंतचा?

डीएस-२०१९ हा जे-१ व्हिसाचा, म्हणजे अभ्यास-संशोधनाच्या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसाचा, पाया असलेला कागद. तो यजमान विद्यापीठ देतं, आणि त्यावरच्या चौथ्या रकान्यात तुमचा वर्ग लिहिलेला असतो. तिथे ‘रिसर्च स्कॉलर’ आहे की ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’, एवढ्या एका नोंदीवर तुम्हाला किती राहता येईल, परत कधी जाता येईल आणि तुमच्या जोडीदाराला पुढे कधी जाता येईल हे ठरतं. व्हिसा हातात आल्यावर यात फारसं काही बदलता येत नाही. म्हणून हे सगळं निमंत्रण स्वीकारण्याआधी वाचायचं आहे.

जे-१ कार्यक्रमाचं मूळ १९६१च्या फुलब्राइट-हेज कायद्यात आहे. बाहेरच्या देशातला माणूस यावा, शिकावं, शिकवावं, संशोधन करावं आणि मायदेशी परतावं ही त्यामागची कल्पना. परतणं गृहीत धरूनच नियम केलेले आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवली की विचित्र वाटणाऱ्या अटींमागचं कारणही कळतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. जे-१च्या संदर्भात ‘दोन वर्षं’ हा आकडा तीन ठिकाणी येतो आणि लोक तिन्हींची गल्लत करतात. पहिली दोन वर्षं म्हणजे रिसर्च स्कॉलर म्हणून काम संपल्यावर पुन्हा त्याच वर्गात यायला असलेली २४ महिन्यांची बंदी. दुसरी, अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २१२(ई) प्रमाणे मायदेशात दोन वर्षं राहण्याची सक्ती. तिसरी, करसवलतीची दोन वर्षं. पहिली अट प्रत्येक रिसर्च स्कॉलरला लागू होते, दुसरी काहींनाच, आणि तिसरीचा व्हिसाशी थेट संबंधच नाही. ‘मला टू-इयर रूल लागू आहे का?’ असा मोघम प्रश्न विचारलात तर उत्तरही मोघमच मिळेल. कोणता नियम, ते नाव घेऊन विचारा.

१. आधी वर्ग ठरवा

विद्यापीठात काम करायला जाणाऱ्यांसाठी मुख्यतः तीन वर्ग आहेत.

‘रिसर्च स्कॉलर’ आणि ‘प्रोफेसर’ या दोन वर्गांची कमाल मुदत ५ वर्षं आणि किमान मुदत ३ आठवडे. नियमांच्या दृष्टीने हे दोन वर्ग जवळजवळ जुळे आहेत. मुख्य काम संशोधन असेल तर पहिला, शिकवणं असेल तर दुसरा. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करणारे बहुतेक सगळे रिसर्च स्कॉलर म्हणून जातात. यापैकी कोणत्याही वर्गात टेन्युअर-ट्रॅक (कायम नेमणुकीकडे नेणाऱ्या) जागेचा उमेदवार म्हणून येता येत नाही.

‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ची कमाल मुदत ६ महिने. किमान मुदत नाही. सहा महिन्यांपुढे एक दिवसही वाढत नाही, कितीही कारणं दिली तरी. पण या वर्गामागे २४ महिन्यांची बंदी येत नाही, हा त्याचा फार मोठा फायदा.

आता समजा, पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला मे ते ऑगस्ट असं चार महिन्यांचं निमंत्रण आलं आहे. विद्यापीठाच्या विभागाने सवयीने अर्जात ‘रिसर्च स्कॉलर’ लिहिलं. ती गेली, काम करून परतली, तिची सरकारी यंत्रणेतली जे-१ नोंद बंद झाली. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेतून दोन वर्षांची चांगली फेलोशिप मिळाली, तर रिसर्च स्कॉलर म्हणून तिला जाता येणार नाही. चार महिन्यांच्या मुक्कामाने तिचा पाच वर्षांचा हक्क वापरून संपलेला असतो आणि २४ महिन्यांची बंदी सुरू झालेली असते. तीच जर शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून गेली असती तर पुढचा रस्ता मोकळा राहिला असता.

उलट बाजूही आहे. निमंत्रण पाच महिन्यांचं आहे, पण होस्ट म्हणतात, ‘निधी मिळाला तर वर्षभर थांबा.’ अशा वेळी शॉर्ट-टर्म वर्गात गेलात तर सहाव्या महिन्याअखेर परतावंच लागेल. तिथल्या तिथे वर्ग बदलून रिसर्च स्कॉलर होणं सहसा जमत नाही. म्हणून होस्टना मोकळेपणाने विचारा: मुक्काम वाढण्याची शक्यता खरोखर किती? वर्ग ठरवण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसशी एक ईमेल जरूर करा. होस्ट प्रोफेसरना विज्ञान कळतं, व्हिसाचे बारकावे कळतीलच असं नाही, आणि अर्ज भरणाऱ्या विभागातल्या कारकुनाला तुमच्या पुढच्या पाच वर्षांच्या योजना ठाऊक नसतात.

फक्त दोन-चार व्याख्यानं द्यायला जात असाल तर जे-१ची गरजच नाही. बी-१ या कामानिमित्तच्या छोट्या भेटीच्या व्हिसावर मानधन घेता येतं, पण एका संस्थेत जास्तीत जास्त ९ दिवस आणि सहा महिन्यांत जास्तीत जास्त ५ संस्था, ही मर्यादा पाळावी लागते.

आणि एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा? विद्यापीठांना तो वार्षिक कोट्याबाहेर मिळतो, त्यामुळे पूर्वी अनेक विभाग पोस्टडॉकसाठी तो देत असत. १९ सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावली आणि विद्यापीठांना त्यातून सरसकट सूट दिली नाही. भारतातून जाणाऱ्या संशोधकासाठी जे-१चं महत्त्व त्यामुळे आणखी वाढलं आहे.

२. दोन बंद्या: २४ महिन्यांची आणि १२ महिन्यांची

२४ महिन्यांची बंदी केव्हा सुरू होते, हे नीट समजून घ्या. तुम्ही पाच वर्षं पूर्ण केलीत की पाच महिने, याला महत्त्व नाही. रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून तुमची सेव्हिस नोंद बंद झाली की बंदी सुरू. सेव्हिस म्हणजे अमेरिकी सरकारची ती संगणकीय यंत्रणा, जिच्यात प्रत्येक जे-१ धारकाची नोंद असते. पुढचे २४ महिने तुम्हाला पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर होता येत नाही. शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून जाता येतं, एच-१बी किंवा दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावरही जाता येतं. बंदी फक्त या दोन वर्गांपुरती आहे.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. मुदत संपण्याआधीच परतणार असाल आणि पुन्हा येण्याची शक्यता असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या आरओला, म्हणजे रिस्पॉन्सिबल ऑफिसरला, विचारा की माझी नोंद बंद करणार की चालू ठेवणार. तुमचं संशोधन त्याच प्रकल्पावर भारतातून चालू राहणार असेल तर बाहेरच्या देशातलं कामाचं ठिकाण नोंदवून ती चालू ठेवण्याची सोय आहे. तसं करायचं की नाही हे विद्यापीठ ठरवतं, आणि विम्याची अट तेव्हाही लागू राहू शकते. पण न विचारता निघालात तर नोंद बंद होईल आणि बंदी सुरू होईल. हे एवढं एक ईमेल माणसं पाठवत नाहीत आणि मग वर्षभराने डोक्याला हात लावून बसतात.

१२ महिन्यांची बंदी वेगळी. रिसर्च स्कॉलर म्हणून सुरुवात करण्याआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही कोणत्याही जे स्थितीत, म्हणजे जे-१ विद्यार्थी असाल, इंटर्न असाल किंवा कुणाबरोबर जे-२वर, म्हणजे जे-१ धारकाच्या जोडीदार-मुलांसाठीच्या व्हिसावर, गेलेले असाल, सहा महिन्यांहून जास्त काळ अमेरिकेत राहिला असाल, तर तुम्हाला थांबावं लागतं. शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून घालवलेला काळ यात मोजत नाहीत.

दोघंही संशोधक असलेल्या जोडप्यांनी इथे विशेष लक्ष द्या. बायको रिसर्च स्कॉलर म्हणून दोन वर्षं गेली, नवरा जे-२वर सोबत गेला. दोघं परतली. आता नवऱ्याला रिसर्च स्कॉलर म्हणून बोलावणं आलं, तर २४ महिन्यांची बंदी त्यालाही लागू आहे. तो तिथे एक दिवसही काम करत नव्हता, तरीसुद्धा. दोघांच्या कामाची आखणी एकत्र बसून करा. कधी कधी जोडीदाराने जे-२ऐवजी थोड्या दिवसांच्या भेटीसाठी बी-२ व्हिसावर येणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

३. २१२(ई): मायदेशी दोन वर्षं राहण्याची सक्ती

ही अट लागू असेल तर भारतात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहिल्याशिवाय एच किंवा एल हे नोकरीचे व्हिसा मिळत नाहीत आणि ग्रीन कार्डही मिळत नाही. दोन वर्षं सलग असायला हवीत असं नाही, तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात. अमेरिकेत असताना दुसऱ्या बहुतेक स्थितींत बदल करून घेताही येत नाही. मात्र भारतात येऊन एफ-१ (विद्यार्थी), बी (भेट) किंवा ओ-१ (असाधारण गुणवत्ता) व्हिसासाठी अर्ज करता येतो. पुन्हा जे-१वरही जाता येतं, वर सांगितलेल्या बंद्या आड येत नसतील तर.

ती लागू होण्याची कारणं तीन: मुक्कामाचा खर्च अमेरिकी किंवा आपल्या सरकारने उचललेला असणं, डॉक्टरांचं पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण, आणि तुमचं क्षेत्र तुमच्या देशासाठीच्या ‘एक्स्चेंज व्हिजिटर स्किल्स लिस्ट’मध्ये असणं.

तिसऱ्या कारणात आपल्यासाठी मोठा बदल झाला आहे. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या यादीत भारताचं नाव नाही. केवळ त्या यादीमुळे ज्या भारतीयांना ही अट लागू होती, त्यांची त्यातून सुटका झाली, अगदी पूर्वी गेलेल्यांचीसुद्धा. तुमच्या जुन्या व्हिसावर किंवा डीएस-२०१९वर अट लागू असल्याचा शेरा असला तरी, कारण फक्त स्किल्स लिस्ट असेल तर तो शेरा आता तुम्हाला अडवत नाही. अमेरिकेत अनेक वर्षं राहणाऱ्या मराठी संशोधकांपैकी कित्येकांनी या एका शेऱ्याच्या भीतीने पुढचे अर्जच केले नाहीत. त्यांनी आपले कागद पुन्हा काढून पाहावेत.

सरकारी पैशाचं कारण मात्र तसंच कायम आहे. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर गेलात तर अट लागू होणार हे धरूनच चाला. भारत सरकारच्या फेलोशिपवर जात असाल तर डीएस-२०१९च्या पाचव्या रकान्यात पैसे कुणाचे म्हणून दाखवले आहेत ते वाचा. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे ‘अॅडव्हायझरी ओपिनियन’ मागता येतं. आरओचं मत उपयोगी असतं, पण अंतिम नसतं.

सूट मागण्याचा सर्वसाधारण मार्ग म्हणजे भारत सरकारचं ना-हरकत निवेदन. परराष्ट्र खात्याकडे डीएस-३०३५ हा अर्ज भरायचा, त्याचं शुल्क १२० डॉलर, आणि भारताच्या बाजूने ‘नोरी’ (भारतात परतण्याचं बंधन नाही अशा) प्रमाणपत्राची प्रक्रिया करायची. यात राज्य आणि केंद्र या दोन्ही पातळ्यांवरचे कागद लागतात, तेव्हा महिने जातात असं धरा. वैद्यकीय प्रशिक्षणासाठी आलेल्यांना हा मार्ग बंद आहे, आणि अमेरिकी सरकारच्या पैशावर आलेल्यांना केवळ ना-हरकतीवर सूट मिळणं अवघड असतं.

एक सावधगिरी: सूट द्यावी अशी परराष्ट्र खात्याची शिफारस झाली की त्यानंतर जे-१ची मुदत वाढत नाही. पाच वर्षांतली दोन झाली आहेत आणि पुढची तीन हवी आहेत, तर आधी मुदत वाढवून घ्या आणि मग सूट मागा. क्रम उलटा झाला तर नंतर दुरुस्त करता येत नाही.

४. इथल्या रजेचा हिशेब

कायम नोकरीत असलेल्यांनी अमेरिकेचे नियम आणि इथले रजेचे नियम शेजारी शेजारी ठेवून तारखा ठरवाव्यात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून ७ वर्षं सेवा झालेल्यांना सबॅटिकल (संशोधनासाठीची दीर्घ रजा) मिळू शकते, एका वेळी जास्तीत जास्त १ वर्ष आणि पूर्ण कारकिर्दीत २ वर्षं. सहायक प्राध्यापकांसाठी अध्ययन रजा आहे, पण तिच्यामागे परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र येतं. बंधपत्रातला काळ आणि तिकडच्या फेलोशिपच्या वाढीव वर्षाच्या आशा यांची गाठ आधीच घालून पाहा.

रजेचा आदेश निघताना प्रवासाचे आणि व्हिसाच्या विलंबाचे दिवस धरून तारखा मागा. अनुदानित महाविद्यालयांत प्रस्ताव संस्था, विद्यापीठ आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय असा फिरू शकतो, त्यामुळे डीएस-२०१९ येण्याची वाट न बघता निमंत्रणपत्रावरच फाइल पुढे सरकवा. ना-हरकत पत्रात ‘रजा संपल्यावर पदावर रुजू होतील’ हे वाक्य लिहून घ्या. मुलाखतीत हाच कागद तुमच्या बाजूने सगळ्यात ठाम बोलतो.

५. डीएस-२०१९ मागवणं

विभाग अर्ज पाठवतो, इंटरनॅशनल ऑफिस कागद मागतं: पासपोर्ट, बायोडेटा, पदवीची प्रमाणपत्रं, निधीचा पुरावा, आणि इंग्रजी पुरेसं असल्याचा पुरावा. शेवटचा पुरावा चाचणीच्या गुणांचा, एखाद्या शिक्षणसंस्थेच्या पत्राचा किंवा थेट घेतलेल्या मुलाखतीचा चालतो. आता डीएस-२०१९ ईमेलने पीडीएफ स्वरूपात येऊ शकतो. तो छापून सही करून ठेवा.

आला की लगेच तीन गोष्टी तपासा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालण्याची पद्धत असल्यामुळे हा घोळ फार वेळा होतो. तिसऱ्या रकान्यातल्या तारखा निमंत्रणपत्राशी जुळायला हव्यात. आणि चौथ्या रकान्यातला वर्ग तुम्ही ठरवलेलाच हवा. चूक असेल तर व्हिसाचं शुल्क भरण्याआधी दुरुस्त करून घ्या.

विम्याच्या अटीही याच वेळी वाचा. प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर, मृतदेह परत आणण्यासाठी २५,००० डॉलर, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम दर आजारामागे ५०० डॉलरहून जास्त नको. जे-२वर येणाऱ्या प्रत्येकालाही हे लागतं. भारतातून घेतलेली स्वस्त प्रवासी पॉलिसी या चारही अटी पूर्ण करते का, हे शब्द वाचून पाहा. जाणूनबुजून विमा न ठेवणं हे कार्यक्रमातून काढून टाकण्याचं कारण ठरतं.

६. व्हिसा

सेव्हिसचं शुल्क जे-१साठी २२० डॉलर. जे-२वर येणाऱ्यांना ते वेगळं भरावं लागत नाही. व्हिसा अर्जाचं शुल्क प्रत्येकी १८५ डॉलर. जुलै २०२५च्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका ‘व्हिसा इंटिग्रिटी’ शुल्काची तरतूद आहे, तेव्हा अर्ज करताना त्या दिवसाची आकारणी अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. पावत्या छापून ठेवा.

व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून जे व्हिसाच्या अर्जदारांना ती सार्वजनिक करून ठेवायला सांगितलं जातं. एखादं जुनं खातं लपवणं हे खात्यात काय लिहिलं आहे त्यापेक्षा जास्त अडचणीचं ठरू शकतं. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच कमी झाली आहे आणि अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा अशी अपेक्षा आहे. सिंगापूर किंवा दुबईत लवकर तारीख मिळते म्हणून तिकडे जाण्याचा बेत आता आखू नका.

मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. प्रश्न साधे असतात: काय संशोधन, कुठे, पैसे कोण देतं, परतल्यावर काय. संशोधन तीन-चार वाक्यांत, विषय न जाणणाऱ्या माणसाला कळेल असं सांगायचा सराव करा. रसायन, अणुविज्ञान, ड्रोन, सेमीकंडक्टर अशा क्षेत्रांतल्यांना पुष्कळदा कलम २२१(जी) खाली जादा तपासणीत टाकतात. तो अंतिम नकार नसतो, पण आठवडे किंवा महिने जाऊ शकतात. बायोडेटा, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा एक पानी गोषवारा आणि होस्टचं पत्र सोबत असेल तर निदान कागदासाठी फाइल अडत नाही. तपासणी लांबून कार्यक्रमाची सुरुवातीची तारीख उलटायला आली, तर आरओला कळवून डीएस-२०१९ची तारीख बदलून घ्या. जुन्या तारखेवर उशिरा जाऊन विमानतळावर उभं राहू नका.

७. पोचल्यावर

सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस प्रवेश मिळतो. त्या दिवसांत काम करायचं नाही. पोचल्यावर आय-९४ ही प्रवेशाची नोंद ऑनलाइन उतरवून घ्या. आजवर जे-१च्या आय-९४वर तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी नोंद येत आली आहे, म्हणजे स्थिती टिकून आहे तोवर मुक्काम. ही पद्धत बदलून मुक्कामाची ठरावीक तारीख द्यावी, तीही जास्तीत जास्त ४ वर्षांची, असा प्रस्ताव तिथल्या गृहसुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर तुमच्या आय-९४वर काय लिहून आलं ते वाचा. ‘डी/एस’च असणार असं गृहीत धरू नका.

व्हिसाचा शिक्का, डीएस-२०१९ आणि आय-९४ या तिन्हींचं काम वेगळं आहे. व्हिसा फक्त दारातून आत येण्यासाठी. तुम्ही आत असताना तो संपला तर घाबरायचं कारण नाही, मात्र बाहेर जाऊन परत यायचं असेल तर नवा लागेल. डीएस-२०१९ची तारीख मात्र ओलांडायची नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत इंटरनॅशनल ऑफिसमध्ये नोंद करा, नाहीतर सेव्हिसमधली नोंद रद्द होऊ शकते. घर बदललं की १० दिवसांत पत्ता कळवा. काम फक्त डीएस-२०१९वर लिहिलेल्या कामाचं आणि त्याच ठिकाणी. शेजारच्या विद्यापीठाने मानधन देऊन व्याख्यानाला बोलावलं तर आरओची लेखी परवानगी आधी हवी. नंतर घेतलेली चालत नाही.

जोडीदाराला जे-२वर कामाची परवानगी मिळू शकते. तिथे गेल्यावर आय-७६५ हा कामाच्या परवान्याचा अर्ज भरायचा, परवानापत्र येईपर्यंत काम नाही. ते यायला महिने लागतात, म्हणून त्या पगाराच्या भरवशावर घर ठरवू नका. शिवाय ते उत्पन्न जे-१ धारकाच्या खर्चासाठी आहे असं अर्जात म्हणता येत नाही. शिक्षण मात्र परवान्याशिवाय घेता येतं.

८. कर, आणि तिसरी ‘दोन वर्षं’

भारत-अमेरिका करकराराच्या कलम २२ प्रमाणे, भेटीच्या लगेच आधी भारताचे रहिवासी असलेले आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला किंवा संशोधनाला आलेले लोक दोन वर्षांपर्यंत त्या पगारावर अमेरिकेच्या संघीय करातून मुक्त राहू शकतात. सवलत हवी असेल तर विद्यापीठाच्या पगार विभागाला फॉर्म ८२३३ द्यावा लागतो. तो कुणी आपणहून हातात ठेवेलच असं नाही, तेव्हा विचारा. अमेरिकेतच पीएचडी करून पोस्टडॉक झालेल्यांना ‘लगेच आधी भारताचे रहिवासी’ ही अट बहुधा आड येते.

पण यात एक अट अशी आहे की ती वाचून मगच सही करावी. मुक्काम दोन वर्षांहून लांबला तर सवलत फक्त पुढची नाही, पूर्ण मुक्कामाची जाते. म्हणजे दोन वर्षं कर न भरता राहिलात आणि सव्विसाव्या महिन्यापर्यंत थांबलात, तर मागच्या दोन वर्षांचा कर व्याजासकट मागितला जाऊ शकतो. नेमणूक सुरुवातीपासूनच तीन वर्षांची असेल तर मी म्हणेन की सवलत घेऊच नका. दोन वर्षांची असून वाढण्याची शक्यता असेल तर ती रक्कम बाजूला काढून ठेवा. पोस्टडॉकच्या पगारात दोन वर्षांचा कर एकरकमी उभा करणं ही हलकी गोष्ट नाही.

करासाठी तुम्ही तिथले ‘अनिवासी’ किती काळ राहता याचा हिशेब पुन्हा वेगळा. जे-१ स्कॉलरचे दिवस पहिल्या दोन कॅलेंडर वर्षांत मोजत नाहीत. कॅलेंडर वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि त्यातला एक दिवसही पूर्ण वर्ष म्हणून धरला जातो. २० डिसेंबरला पोचलात तर बारा दिवसांत एक अख्खं वर्ष खर्ची पडलं. तेच ३ जानेवारीला पोचलात तर ते वर्ष पूर्ण मिळालं. अनिवासी असेपर्यंत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात होत नाही, म्हणून हा फरक साधा नाही. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे कापलेले पैसे इथल्या पेन्शनमध्ये येत नाहीत. आधीच्या सहा वर्षांत एफ किंवा जे वर जाऊन आला असाल तर तीही वर्षं हिशेबात धरावी लागतात.

अनिवासी असेपर्यंत दरवर्षी फॉर्म ८८४३, म्हणजे हे दिवस का मोजायचे नाहीत हे सांगणारा फॉर्म, भरायचा, उत्पन्न असो वा नसो, जे-२वरच्या मुलांसाठीसुद्धा. पगार मिळाला असेल तर १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरणपत्र, १५ एप्रिलपर्यंत.

भारताची बाजू विसरू नका. चार-पाच महिनेच बाहेर राहिलात तर त्या आर्थिक वर्षात तुम्ही इथले निवासीच राहता आणि तिकडचं मानधन इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. नोकरीसाठी जास्त काळ जात असाल तर बँकेतलं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्या.

९. मुदत वाढवणं, बदली आणि परतणं

मुदतवाढ डीएस-२०१९ संपण्याआधी व्हावी लागते. दोन-तीन महिने आधी विभागाच्या मागे लागा, कारण निधीचं पत्र मिळाल्याशिवाय आरओला काही करता येत नाही. पाच वर्षांच्या आत दुसऱ्या विद्यापीठात बदली होते, पण वर्ग आणि उद्देश तोच हवा आणि जुनी नोंद चालू असतानाच ती एका आरओकडून दुसऱ्याकडे गेली पाहिजे. मधे एक महिना मुंबईला राहून मग नवीन ठिकाणी रुजू होऊ, असा बेत असेल तर नोंद मधे बंद होणार नाही याची लेखी खात्री करून घ्या.

मधे सुट्टीत घरी येणार असाल तर निघण्याआधी डीएस-२०१९च्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आरओची प्रवासाची सही ताजी आहे का पाहा. रिसर्च स्कॉलरसाठी ती जास्तीत जास्त एक वर्ष चालते.

डीएस-२०१९ संपल्यावर आवराआवर आणि प्रवासासाठी ३० दिवस मिळतात. त्यांत काम करता येत नाही, आणि अमेरिकेबाहेर गेलात तर त्या दिवसांवर परत आत येता येत नाही. कॅनडात नायगारा पाहून परत न्यूयॉर्कहून विमान, असा कार्यक्रम या तीस दिवसांत ठेवू नका.

निघताना आरओकडून दोन गोष्टी ईमेलवर घ्या: नोंद कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने बंद झाली, आणि २४ महिन्यांची बंदी कधी संपेल. जे-२वर सोबत असलेल्या प्रत्येकासाठीही तेच विचारा. सगळे डीएस-२०१९, अगदी जुने रद्द झालेलेसुद्धा, आय-९४च्या प्रती, डब्ल्यू-२ आणि १०४२-एस ही पगाराची व सवलतीची पत्रकं एका फाइलमध्ये लावा आणि त्यांच्या स्कॅन प्रती जोडीदाराकडेही ठेवा. पुढच्या वेळी नवीन विद्यापीठ पहिल्याच ईमेलमध्ये हेच कागद मागतं. आणि निघाल्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्या शेवटच्या वर्षाचं अमेरिकी विवरणपत्र भारतातून भरायचं राहिलेलं असतं, म्हणून विद्यापीठाचा ईमेल बंद होण्याआधी पगार विभागाला आपला खाजगी ईमेल आणि इथला पत्ता देऊन या.